पाल्याची कल्पना

"आपल्या फुलांच्या दुकानात पाला कोण विकत घेणार?" म्हणत मी मोठ्या जाऊबाईंची पानांचीच सजावट करायची कल्पना हसण्यावारी नेली होती. पण त्या आजारी असतानाच हॉटेलच्या सजावटीची फुलं कोमेजलेली आली. मग मी त्यांनी सांगितलं होतं तसंच केलं. मागे रुंद, गडद पानं लावली, कडेने नेचे झुकवले आणि मधोमध एकच पांढरी लिली ठेवली.

"कल्पना कुणाची?" मॅनेजरनी खूश होऊन विचारलं.

"माझी," मी बोलून गेले.

घरी मोबाइलवर फोटो बघताना जाऊबाईंचा चेहरा उजळला. "माझं नाव सांगितलंस ना गं?"

माझी मान खाली गेली. त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला आणि कूस बदलली. मी तिथूनच मॅनेजरना फोन लावून खरं काय ते सांगितलं. जाऊबाई मात्र वळल्या नाहीत.