कायद्यातली खाडी

आचऱ्याच्या खाडीत गुडघाभर पाण्यात उतरून चिखलातली तिसऱ्या नावाची शिंपली वेचायची आणि बाजारात नेऊन विकायची, एवढ्यावर तुळसाने दोन मुली वाढवल्या होत्या. पण वरच्या अंगाला मासळीचा कारखाना आला, त्याचं घाण पाणी खाडीत उतरू लागलं, आणि दोन वर्षांत चिखलातून नुसती रिकामी शिंपलीच हाताला येऊ लागली.

२००४ साली शाळेतल्या नम्रताबाईंनी तिला बोलावून सांगितलं की पाणी नासवणाऱ्यांवर राज्याचा नवा कायदा येतोय. त्याच्या मसुद्यात नद्या, तलाव, विहिरी होत्या. खाडी नव्हती. लोकांचं म्हणणं ऐकायला जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला, सुनावणी होती. बाईंना परीक्षेमुळे जाता येईना, म्हणून तुळसाच चार बायकांना घेऊन एसटीत बसली.

तिथे साहेब म्हणाले, सूचना लेखीच हवी. तुळसाने दुसरीतच शाळा सोडलेली. बरोबरच्या बायकाही तशाच. ती दाराकडे वळली, तेव्हा कोपऱ्यातल्या टेबलावरच्या वयस्कर कारकुनाने कोरा कागद पुढे ओढला.

“तू सांग गो बाय, मी लिवतंय.”

तिने सांगितलं, “नदीत घाण टाकूची नाय, असा तुमच्या कागदार आसा. मगे ती नदी खंय जाता? आमच्या खाडयेतच ना?”

हरिश्चंद्र कारकुनांनी शब्द न् शब्द तिच्याच बोलीत उतरवला, वाचून दाखवला, खाली पाचही जणींचे अंगठे घेतले आणि कागद साहेबांसमोर सगळ्यांत वर ठेवला.

पुढच्या वर्षी कायदा झाला. नम्रताबाईंनी छापील प्रत आणून त्यातल्या एका शब्दावर तुळसाचं बोट ठेवलं. ‘खाडी’. कारखान्याला पाणी शुद्ध करायची टाकी बांधावी लागली. खाडी लगेच निवळली नाही, पण दुसऱ्या हिवाळ्यात तुळसाच्या टोपलीत पुन्हा जिवंत तिसऱ्या पडू लागल्या.

पहिल्या भरल्या टोपलीतल्या तिसऱ्या ओल्या गोणपाटात बांधून ती वेंगुर्ल्याला गेली. हरिश्चंद्र आता निवृत्त होऊन तिथेच राहत होते. तिने गोणपाट पायरीवर ठेवलं आणि हात जोडले.

“माका कित्याक?” ते संकोचून म्हणाले. “बोललंस तू. मी फकत लिवलंय.”

“तुमी लिवलास म्हणान कोणी तरी वाचला,” तुळसा म्हणाली.

तेवढ्यात त्यांच्या बायकोने आतून आठवण करून दिली की आज सोमवार, मासळी चालायची नाही. तिघंही हसली. मग बायकोने पातेल्यात मिठाचं पाणी केलं, तिसऱ्या उद्यापर्यंत जगवायला त्यात सोडल्या, आणि तुळसाला चहाला बसवून घेतलं.