स्वेटर घातलेली स्टिक

आमरीनची अकादमीत निवड झाली असती तर बन्सी सरांच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी मांडू या. त्यांच्या मुरमाच्या पटांगणाला लोक मैदान म्हणाले असते. जिल्हा लीगच्या अगदी तळाच्या गटात हरत आलेल्या त्यांच्या क्लबचं नाव एकदा तरी पेपरात छापून आलं असतं. तिसरी गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती, पण माझ्या मुठीवरून त्यांचा हात फिरायचा तेव्हा मला ती कळायची. तरुणपणी ज्या अकादमीच्या फाटकावरून त्यांना परत फिरावं लागलं, त्या फाटकातून त्यांची स्टिक तरी आत गेली असती.

मित्रांनो, ती स्टिक म्हणजे मी. मी तुतीच्या लाकडाची एक जुनी हॉकी स्टिक आहे.

पंजाबातल्या एका कारखान्यात मला वाफेवर धरून वाकवलं. वाकताना जीव नकोसा झाला, पण न वाकलेल्या स्टिकला काठीच म्हणतात, म्हणून गप्प राहिले. बन्सी सर माझ्यासोबत पुष्कळ खेळले. मग त्यांचं पोट वाढलं, गुडघा गेला, आणि मी दाराआडच्या खिळ्याला लटकले. वर्षातून एकदा, दिवाळीला, माझ्याकडून छताची जळमटं काढून घ्यायचे. एवढाच माझा मान.

अशात आमरीन क्लबात खेळायला आली. गुलमंडीवर रस्त्याकडेला कटपिसांचा गाळा लावणाऱ्या नवाबभाईंची ती थोरली लेक. बाकीच्या पोरींना चेंडू जोरात मारण्यात मजा वाटायची. हिला थांबवण्यात वाटायची. मुरमावर चेंडू कुठं उसळेल त्याचा नेम नसतो. पण तो हिच्यापाशी आला की मांजराच्या पिलासारखा गप्प बसायचा. सरांनी ते पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी मला खिळ्यावरून उतरवलं.

"ही माझी हाय," ते तिला म्हणाले. "जपून."

तिनं जपलं. पण मुरूम कुणाला जपत नाही. माझं टोक झिजलं, तर सरांनी त्यावर फायबरचं कापड गोंदानं चिकटवलं. माझ्या मानेला बारीक चीर गेली, तर नवाबभाईंनी दुकानातली कॅनव्हासची पट्टी दुहेरी करून गुंडाळली. वरून आमरीन हिरवी टेप लावायची, आणि जुनी न काढता नवी लावायची. मला वाटायचं, इतकी माया कुठल्या स्टिकच्या वाट्याला येते?

संघातली श्रेया मात्र जिभेची तिखट. "सर, हिच्या स्टिकला स्वेटर घातलाय!" ती ओरडायची. "थंडी वाजती काय गं तिला?"

"तुझ्या जिभेला वाजत नाय ना, तेवढं बघ," आमरीन म्हणायची, आणि पुढच्याच क्षणी श्रेयाच्या पायांशी असा पास टाकायची की तिला नुसतं ढकलायचं काम उरावं. श्रेयाचे निम्मे गोल असेच झाले. गोल तिच्या नावावर लागायचे.

एकदा नवाबभाई स्वतःहून म्हणाले, "सर, नवी घेऊन देतो ना हिला. औरंगपुऱ्यात चांगल्या मिळतात."

मित्रांनो, इथं जरा थांबा. सगळा व्यवहार इथंच फिरला.

"नको, नवाबभाई," सर म्हणाले. "तिचा हात बसलाय हिच्यावर. आता बदलली तर खेळ बिघडंल."

ते खोटं नव्हतं. पट्ट्यांनी मी जड झाले होते आणि आमरीनचे हात त्याच वजनाला शिकले होते. पण पूर्ण खरंही नव्हतं. नवी स्टिक अकादमीत गेली असती, तर सरांचं काय गेलं असतं आत?

त्या वर्षी अतिक्रमण हटवताना नवाबभाईंचा गाळा उठला. पाचोड गावी आमरीनच्या मामांची एक खोली रिकामी होती, आठवडी बाजारात कापड विकता येणार होतं. घर तिकडं हलणार हे ठरलं. पाचोडला पोरींची हॉकी नाही. अकादमीच्या होस्टेलमध्ये निवड झाली तरच आमरीन शहरात राहणार होती, आणि पुढच्या वर्षी तिचं वय निवडीच्या बाहेर जाणार होतं. म्हणजे उरला होता लीगचा शेवटचा सामना. तो बघायला निवडीच्या मॅडम येणार होत्या.

सामना टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानावर होता. आमच्या पोरी पहिल्यांदाच टर्फवर उभ्या राहिल्या. श्रेयानं तर खाली वाकून गालिच्यावर फिरवावा तसा हात फिरवून पाहिला. तेवढ्यात निवडीच्या सुलेखा मॅडम आल्या, आणि त्यांच्या हातात एक लोखंडी कडी होती. प्रत्येक स्टिक त्या कडीतून आरपार गेली पाहिजे, असा नियम आहे. जास्त जाड स्टिक चालत नाही.

दहा स्टिका गेल्या. मी अडकले. मानेपाशी, बरोबर त्या मायेपाशी.

"बाळा, हे काय गुंडाळलंय?" मॅडम म्हणाल्या. "ही नाही चालणार. दुसरी आण."

दुसरी कुठून आणणार? क्लबात अकरा पोरी, अकरा स्टिका. औरंगपुऱ्याला जाऊन यायला वेळ नव्हता. सरांचा चेहरा उतरला. "मॅडम, आमच्या गटात आजवर कडी कुणी आणली नाय हो!"

"म्हणूनच आज आणली."

सर दुखऱ्या गुडघ्यानं समोरच्या संघाकडं धावले. त्यांच्या पिशवीतून नव्या स्टिका डोकावत होत्या. त्यांचे प्रशिक्षक नजर चुकवत म्हणाले, "सर, आमच्या बी पोरी निवडीलाच आल्यात. आज नका मागू."

आता सामना बघायला आलेल्या नवाबभाईंचा हिशेब पाहा. मी कडीत अडकून राहिले, तर पाचोडच्या बाजारात त्यांना लेकीचा आधार होता. माप झरझर घेणारी, गिऱ्हाईकाला हसवणारी लेक. त्यांनी नुसतं गप्प उभं राहायचं होतं. पण त्यांनी खिशातून दुकानाची कात्री काढली आणि मला मांडीवर घेतलं.

"अब्बा, नक्को काटो," आमरीन रडकुंडीला आली. "टूट जाएगी."

"काटने दे बेटा. नै काटा तो खेलेगी कैसे?"

हिरवी टेप निघाली. स्वतःच्या हातानं शिवल्यासारखी बसवलेली कॅनव्हासची पट्टी त्यांनी उसवली. खालचा चिकटा खरवडला. आणि त्यांचा हात थांबला. बाहेरून बारीक दिसलेली चीर आत, पट्ट्यांच्या उबेत, माझ्या अर्ध्या मानेपर्यंत पसरली होती. त्यांनी सरांकडं पाहिलं. सरांनी मान खाली घातली.

मी कडीतून सरकन गेले.

पण मी आता आमरीनची राहिले नव्हते. हलकी झाले होते. तिनं नेहमीच्या जोरानं पास दिला की चेंडू श्रेयाला ओलांडून बाहेर जायचा. एकदा, दोनदा, पुन्हा. मॅडमची वही बंद होती. "अगं हळू! हळू!" सर काठावरून विनवत होते. मध्यंतरात आमरीन पाणीही प्यायली नाही. मला नुसती हातात तोलत बसली.

उत्तरार्धात तिला माझं नवं वजन कळायला लागलं. वेगानं आलेला एक चेंडू तिनं असा थांबवला की मॅडमनी मान वर केली. वही उघडली. लगेच पेनल्टी कॉर्नर मिळाला. चेंडू आला, तिनं अडवला, मला मागं नेलं आणि जीव एकवटून मारलं.

मी मानेतून मोडले.

चेंडूला जोर मिळाला नाही. रांगत रांगत श्रेयापाशी गेला, आणि श्रेयानं तो ढकलला. गोल. पोरी श्रेयाच्या गळ्यात पडल्या. आमरीनच्या हातात माझा दांडा होता आणि तिच्या पायाशी माझं टोक पडलं होतं.

स्टिकशिवाय खेळता येत नाही. ती रेषेबाहेर उभी राहिली आणि तिथून ओरडत राहिली, "श्रेया, डावीकडं! थांब. आता सोड!" श्रेया तिच्या डोळ्यांनी खेळली आणि दहा पोरींनी सामना राखला.

निवड श्रेयाची झाली.

सर मॅडमच्या मागं मागं गेले. "मॅडम, खरा खेळ त्या पोरीचा हाय. हात जोडतो, एकदा बघा तिला."

"दिसलं मला, सर," मॅडम हळू म्हणाल्या. "पण जेवढं खेळताना पाहिलं, तेवढंच लिहिता येतं."

आज सरांच्या पटांगणावर दोरीला एक लोखंडी कडी टांगलेली असते. खेळाआधी प्रत्येक स्टिकवरची पट्टी सोडून ते आत बघतात, मगच नवी लावतात. मित्रांनो, तुम्हीही एवढं करा. वस्तू असो की माणूस, त्याला बाहेरून गुंडाळलं म्हणजे त्याची काळजी घेतली असं होत नाही. अधूनमधून सोडून बघा, आत किती चिरलंय. आणि कुणी नवी स्टिक घेऊन देत असेल, तर आपल्या जुन्या हौसेपायी नको म्हणू नका.

माझा दांडा आता पाचोडच्या बाजारात नवाबभाईंच्या दुकानाचं ताडपत्रीचं छप्पर उचलून धरतो. परवा शेजारच्या पाटीतून एक लिंबू घरंगळत आलं. आमरीननं मला छपराखालून ओढलं, वाकली आणि लिंबू थांबवलं. गिऱ्हाईक हसलं. ताडपत्री तिच्याच डोक्यावर पडली. तिचा हात अजून माझं जुनं, जड वजन धरूनच येतो.

तर एकूण हिशेब असा. बन्सी सरांच्या क्लबचं नाव पेपरात आलं. श्रेयाला होस्टेल मिळालं, आणि नव्या स्टिकसकट ती त्या फाटकातून आत गेली. नवाबभाईंना नको असताना लेकीचा आधार मिळाला. जमेला सगळ्यांची नावं आहेत. खर्चाच्या बाजूला एकच आहे, आणि ते नाव डोक्यावरची ताडपत्री सारून पुन्हा कापड मोजायला बसलं आहे.