तीन, पाच, सहा, सात

फाल्गुनातली ती पिंगट, पांडुर, प्रदीर्घ दुपार. नीरेचं पात्र आटून आटून रेघेएवढं झालेलं; काठावरच्या पर्णहीन सावरींवर तेवढी रक्तवर्ण फुलं पेटलेली. असल्या उन्हात माणसानं घराबाहेर पडू नये. पण शालन कुंटे रिसबूड गुरुजींकडे निघाली होती, आणि तिचे पाय मणामणाचे झाले होते.

गुरुजींना ब्याऐंशीवं सरलेलं. अंथरुणाला खिळलेला तो कृश, क्लांत, करुण देह एकाच आशेवर तगून होता, आणि ती आशा म्हणजे गणितातली एक असमता. चढत्या क्रमानं नैसर्गिक संख्या घ्या, अशा की त्यांचे कुठलेही दोन वेगळे गट केले तरी बेरजा सारख्या येऊ नयेत. मग, गुरुजी म्हणत, एक, दोन, चार, आठ या दुपटीच्या माळेहून शेवटची संख्या लहान असूच शकत नाही. चार संख्या असतील, तर चौथी निदान आठ. छत्तीस वर्षं त्यांनी हे सिद्ध करण्यात घातली. बायकोच्या आजारपणातही वही मिटली नाही. शेवटची पायरी तेवढी शालननं, त्यांच्या लाडक्या विद्यार्थिनीनं, पुरी करायची होती.

आणि हाय रे दैवा! काल चहा ठेवल्या ठेवल्या, सहज म्हणून, तिनं माळेतला पहिला एक सोडून पाहिला. गुरुजींकडे प्रत्येक मांडणी एकानंच सुरू व्हायची. श्रीकारासारखा आधी एक, मग पुढचं. त्या पवित्र, पुरातन, पूजनीय एकाला छत्तीस वर्षांत कुणी हात लावला नव्हता. तिनं लावला. तीन, पाच, सहा, सात. पंधरा बेरजा, पंधराही निरनिराळ्या. आणि शेवटची संख्या सात. आठ नव्हे, सात! चहा उतू गेला तरी तिला कळलं नाही.

"आलीस? झालं का गं सिद्ध?"

हो म्हणणं किती सोपं होतं! म्हातारा समाधानानं डोळे मिटेल, कुणाला कळणार आहे? पण ती चौदा वर्षांची असताना याच माणसानं तिला बजावलं होतं, चुकलं तर चुकलं म्हणायचं, भले ते माझं का असेना.

"गुरुजी, ते खरं नाहीये."

"संख्या सांग."

तिनं सांगितल्या. चादरीवर ती शुष्क, शिराळ बोटं बेरजा करू लागली, मग थांबली.

"इतक्या लहान? इतक्या लहान, शालन?"

तिला रडू फुटलं. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "जा आता. आणि उद्यापासून येऊ नकोस."

ती ओसरीवर आली, चपला पायात सरकवल्या, आणि आतून आवाज आला. क्षीण, क्षीणतर, तरी न थांबणारा. तीन आणि पाच आठ. तीन आणि सहा नऊ. तीन आणि सात दहा. कुठंतरी, कुठंतरी दोन बेरजा जुळाव्यात म्हणून गुरुजी पुन्हा पहिल्यापासून मोजत होते. आणि जुळत नव्हती, जुळत नव्हती, एकही बेरीज दुसरीशी जुळत नव्हती.