बक्षिसाला न थांबलेलं नाटक

रविवार, १८ मे १९८६. संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी पांढुर्ण्याच्या कापूस बाजाराच्या मैदानावर रामाकोन्याच्या नाटक मंडळाचा पडदा उघडला. नाटकाचं नाव ‘बगीच्याची विहीर’. वेळ एक तास.

उन्हाळी नाट्यस्पर्धेचा तो शेवटचा दिवस होता. मे महिन्यात बाजारात कापूस नसतो, म्हणून माल उतरवायच्या ओट्याचंच स्टेज झालं होतं. वर ताडपत्री, समोर सतरंज्या, पुढच्या रांगेत खुर्च्या. ताडपत्री आणि खुर्च्या दोन्ही रघुनाथराव घोरमाड्यांच्या. पांढुर्ण्याला लागून त्यांचा संत्र्याचा बगीचा होता आणि पुढच्या रांगेतली मधली खुर्ची कुणी न सांगता त्यांची होती.

पडद्याच्या आडोशाला इंदू सोमकुवर कमरेवर रिकामा गुंड, म्हणजे पाण्याची पितळी घागर, घेऊन उभी होती. एरवी ती कापूस वेचायला आणि संत्र्याच्या तोडाईला जायची. मंडळात येऊन तिला दोन वर्षं झाली होती. पाठांतराची तिला भीती नव्हती. भीती होती ती बक्षिसाची.

या मुलखात नाटक आवडलं की बघणारा उठतो, स्टेजपाशी जातो आणि नटाच्या हातावर नोट ठेवतो. तिथंच नाटक थांबतं. मंडळाचा माणूस माइकवर येतो, देणाऱ्याचं नाव, गाव आणि रक्कम पुकारतो, नट हात जोडतो आणि मग नाटक पुढं सरकतं. नाही म्हणणं म्हणजे चारचौघांत अपमान. गेल्या साली याच मैदानावर याच नाटकाच्या दुसऱ्या प्रवेशात मेलेला, मंडळातला वामन दोनदा उठून हात जोडून पुन्हा मरून पडला होता. लोक खूश झाले. पण तास संपला, घंटा झाली आणि शेवटचा प्रवेश राहिला तो राहिलाच.

तो प्रवेश इंदूचा होता.

घरी परतताना तिची सासू पंचफुलाबाई बसमध्ये म्हणाली होती, “मंग काय झालं वो त्या बाईचं? पाणी भेटलं का नाई?”

“सांगत नाई, आत्याबाई. स्टेजवर पाहा.”

“कधी?”

ते थेट पुढच्या साली. वर्षभर तालमीच्या वेळी पोरं सांभाळली ती पंचफुलाबाईनं, चूल पाहिली ती तिनंच. नळावर बायका टोमणे मारत, “तुमची सून अर्धंच नाटक करते म्हणे,” तेही तिनंच ऐकून घेतलं. या वेळी निघताना तिनं सरळ सांगून टाकलं, “यंदा पुरं नाई झालं, तं तालीम बंद. अर्ध्या गोष्टीपायी मी पोरं नाई सांभाळून राहिली.”

आणि पंचफुलाबाई बोलली की ते घडायचंच.

नाटक हिरामण गजभियेनं लिहिलं होतं. तो सौंसरला नगरपालिकेच्या जकात नाक्यावर नाकेदार होता आणि मंडळाचा दिग्दर्शकही. गोष्ट साधी होती. मृगाच्या बहारासाठी संत्र्याच्या झाडांचं पाणी उन्हाळ्यात तोडतात. झाडं कोरडी ठेवली की पावसाला फुलतात. त्या दिवसांत वस्तीची विहीर आटलेली असते आणि बगीच्याची विहीर नुसतीच भरून असते. बाया मालकाकडे पाणी मागायला जातात. आता मालकाचं काम करायला मंडळात कुणीच तयार नव्हतं. तोडाईला तर त्याच बगीच्यांत जायचं. उद्या तिथला मालक म्हणेल, काय रे, माझी नक्कल केली? मग हिरामणनं स्टेजवर एक रिकामी खुर्ची ठेवली. सगळे तिच्याशीच बोलत. तिनं उत्तर द्यायचं नव्हतंच.

बक्षिसाचाही बंदोबस्त त्यानं केला होता. रामाकोन्याहून आलेल्या सगळ्यांना मधे न उठण्याची शपथ घातली होती. मैदानाच्या तोंडाशी वनस्पती तुपाचा डबा ठेवून वर चिठ्ठी लावली होती : बक्षीस कृपया यात टाकावे, नावे शेवटी पुकारली जातील.

“डब्यात कोन टाकते बाप्पा?” वामन म्हणाला होता. “डबा काय हात जोडते?”

पण रामाकोन्याची माणसं शब्दाला जागली. वामन यंदा एकदाच मेला आणि मेलेलाच राहिला. बायांचं भांडण झालं, मैदान हसलं. दुसऱ्या प्रवेशात इंदूच्या सखूचं पोर तापानं फणफणलं, मैदान गप्प झालं. सतरंजीवर कुणीतरी खिशात हात घातला तसा शेजाऱ्यानं त्याचा हात धरला. इंदूला ते स्टेजवरून दिसलं आणि तिच्या अंगात बळ आलं.

शेवटचा प्रवेश सुरू झाला, तेव्हा स्पर्धेचे सचिव अरविंदबाबू यांनी इशाऱ्याची घंटा दिली. पाच मिनिटं उरली होती आणि प्रवेशही तेवढाच होता. बाया गुंड घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. इंदू खुर्चीसमोर आली.

“मालक,” ती म्हणाली, “माझं लेकरू काल राती पाणी पाणी करून राहिलं होतं. मी त्याच्या ओठाले ओला पदर लावला. पदर कायनं ओला केला, ते नोका विचारू.”

पुढच्या रांगेत रघुनाथराव घोरमाडे उठले.

त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती. धोतराचा सोगा सावरत, हातात नोट धरून ते ओट्याच्या पायऱ्या चढू लागले. दुसऱ्या टोकाला पडद्याची दोरी धरून उभा असलेला हिरामण पांढरा पडला. यांना शपथ घालायचं कुणाला सुचलं नव्हतं. थांबवावं तर डोक्यावर ताडपत्री त्यांची. बक्षीस घ्यावं तर माइक, नाव, गाव, रक्कम, शिवाय दोन शब्द बोलल्याशिवाय हा माणूस खाली उतरत नाही, हे सगळ्या पांढुर्ण्याला ठाऊक. तेवढ्यात तास संपणार.

इंदूनं सतरंजीकडे पाहिलं. पंचफुलाबाई उभी राहून हातानं त्यांना ‘बसा, बसा’ करत होती. कुणाचंच तिच्याकडे लक्ष नव्हतं.

रघुनाथराव समोर आले. त्यांनी नोट पुढं केली. “बाई, मी रघुनाथराव घोरमाडे...”

“आले का मालक?” इंदू म्हणाली. तोच आवाज, तीच सखू. तिनं हात जोडले नाहीत. पदरानं खुर्ची पुसली. “बसा. उन्हातून आले. कवाची वाट पाहून राहिलो आम्ही.”

रघुनाथराव बसले. खुर्ची पुसून दिल्यावर न बसण्याची त्यांना सवय नव्हती.

मैदानात क्षणभर कुणाला काही उमगलं नाही. मग मागून एक शिट्टी आली आणि मग हशाची लाट. इंदूनं ती ओसरू दिली. नोट अजून पुढंच होती. ती तिनं मालकाच्या मुठीत परत मिटवली.

“बक्षीस नको, मालक. झाडाचं पाणी तुम्ही तोडलं. ते बरोबर हाय, बहाराचं काम हाय. पन तुमची झाडं या महिन्यात पिऊन नाई राहिली. मंग मानसाले पिऊ द्या.”

हिरामणच्या वहीत यापुढं फक्त शांतता होती. खुर्ची उत्तर देत नाही आणि बाया तशाच विहिरीकडे निघतात, असं त्यानं लिहिलं होतं. पण आज खुर्चीत माणूस होता, त्याच्या तोंडाशी माइक होता आणि समोरचं सगळं मैदान त्याच्याकडे पाहत होतं. अरविंदबाबूंचा हात घंटेच्या दोरीवर होता.

“मंग प्या ना बाप्पा!” रघुनाथराव एकदम ओरडले. “कोनं नाई म्हटलं?”

मैदान उसळलं. बाप्ये सतरंज्यांवर उभे राहिले, फेटे उडाले. त्या गजरात इंदूनं गुंड डोक्यावर घेतला आणि ती वळली. तिच्यामागं कुसुम, प्रेमलता, उषा. एकेक जण ओट्यावरून विहिरीच्या बाजूला गेली. शेवटचा गुंड आडोशाला गेला, हिरामणनं दोरी सोडली, पडदा पडला आणि मग घंटा झाली. त्याच क्रमानं.

आडोशाला इंदूनं गुंड खाली ठेवला. बायांनी तिला उचललं. मेलेला वामन नाचत होता. पंचफुलाबाई गर्दी कापत आली आणि सुनेच्या तोंडावरून हात फिरवून तिनं बोटं मोडली.

“भेटलं म्हना पानी,” ती म्हणाली. “नळावरच्या बायांले सांगतो आता. पुरं झालं म्हना. अन् पुढच्या साली कोनतं बसवून राहिले तुमी?”

पडद्यापुढं मात्र वाद सुरू झाला होता. मंडळानं अकरा पात्रांची नावं दिली होती आणि नाव न दिलेला माणूस स्टेजवर चालत नव्हता.

“ये बारहवां कौन है?” अरविंदबाबूंनी विचारलं.

“साहेब, ते पात्र नाही, प्रेक्षक आहेत,” हिरामण म्हणाला.

“प्रेक्षक कुर्सी पर बैठकर संवाद बोलता है?”

“बोलला ना साहेब. तुम्हीच ऐकलं.”

रघुनाथरावांची तक्रार वेगळीच होती. “ते सारं ठीक हाय,” ते दोघांच्या मधे घुसून म्हणाले, “पन माइकवर माझं नाव कोनीच नाई घेतलं!” नोट अजून त्यांच्या मुठीत होती.

हिरामणनं माइक घेतला आणि नाव पुकारलं, पण बक्षीस देणाऱ्याचं म्हणून नाही. “मालकाच्या भूमिकेत, रघुनाथराव घोरमाडे, पांढुर्णा.” टाळ्या थांबेनात. रघुनाथरावांनी हात जोडले. अरविंदबाबूंनी कपाळाला हात लावला, कारण आता मंडळानंच त्यांना पात्र म्हणून पुकारलं होतं.

परीक्षकांनी निकाल राखून ठेवला. जिल्ह्याला, छिंदवाड्याला विचारून कळवू, असं त्यांनी सांगितलं. बुधवारपर्यंत काही कळलेलं नव्हतं. तोवर लोधीखेड्याहून आणि मोहगावहून मात्र नाटकाची मागणी येऊन गेली होती. मोहगाववाल्यांनी एक अट घातली होती, खुर्चीत बसायला माणूस आमचा.

बुधवारीच दुपारी वामन पांढुर्ण्याहून बसनं परतला आणि थेट इंदूच्या दारात आला. बस थांब्याला लागूनच असलेल्या रघुनाथरावांच्या बगीच्याच्या फाटकासमोर जवळच्या वस्तीतल्या बाया रिकामे गुंड घेऊन बसलेल्या त्यानं खिडकीतून पाहिल्या होत्या. मालकानं भर मैदानात सांगितलं, असं त्यांचं म्हणणं. रखवालदार कवडू मालकाला विचारायला गेला होता आणि बस थांब्यावर उभी असतानाच तो सायकलवर परत आला.

“मंग?” इंदूनं विचारलं.

“मालकाकडची चाबी होती त्याच्या हातात,” वामन म्हणाला. “कुलपापाशी गेला. तेवढ्यात बस सुटली.”