आधी कोणी नव्हतं

मुंबईचे वादक शाळेत येणार हे ठरलं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद रश्मीला झाला होता, हे आधी सांगायला हवं. नाहीतर पुढचं ऐकून कोणीही म्हणेल, बाईच्या मनात पहिल्यापासून आकस होता. तसं काही नव्हतं. उलट पाहुण्यांना ठेवायचं कुठे म्हणून मुख्याध्यापक सत्यवान परब कपाळाला हात लावून बसले, तेव्हा तीच म्हणाली, "सर, आमच्याकडे दोन खोल्या रिकाम्या आहेत. घरात आई आणि मी दोघीच तर असतो."

मालवणजवळच्या कट्टा गावाहून समुद्राकडे जाताना लागणाऱ्या एका गावच्या हायस्कुलात रश्मी भूगोल शिकवायची. नवरा बोटीवर, वर्षातला बराच काळ बाहेर. म्हणून ती माहेरच्या घरी आईजवळ राहायची. भूगोल पोटापाण्यासाठी, जीव मात्र शाळेच्या बँडपथकात. तिचे वडील शिवा मास्तर. त्यांच्या काळात आसपासच्या गावांत लग्न म्हटलं की त्यांचाच बँड लागायचा. पुढे डीजे आले, वाजवणारे पांगले, आणि मास्तरही फार दिवस राहिले नाहीत. घरात पडून असलेली वाद्यं रश्मीने शाळेत नेली. गोव्याला जाऊन त्यांचे पोचे काढून आणले, आणि पोरांना हाताशी धरून शिकवायला लागली. सुरुवातीला पथकातून म्हशी रेकल्यासारखे आवाज यायचे. गावातली माणसं कुंपणाशी उभी राहून हसायची. तीच माणसं आता प्रजासत्ताक दिनाला पथक मालवणात निघालं की मागून चालत जायची.

पथकातली सगळ्यात तयार मुलगी म्हणजे नववीतली अनुजा. तिचे आईवडील काजूच्या बागेत राबायचे. घरात धाकटा भाऊ झोपलेला असायचा, म्हणून वाजवायची सोय नाही. त्यामुळे शाळा सुटली की ती रश्मीच्या पडवीत येऊन ट्रम्पेट वाजवायची. तो ट्रम्पेट शिवा मास्तरांचा स्वतःचा. रश्मीने तो दुसऱ्या कुणाच्या हातात दिला नव्हता.

वादक दोघे होते. प्रीतम ट्रम्पेट वाजवायचा, मितेश ड्रम वाजवायचा आणि कॅमेराही तोच सांभाळायचा. एका संस्थेतर्फे ते गावोगावच्या शाळांत आठवडाभर शिकवत फिरत. पहिल्याच संध्याकाळी प्रीतम रश्मीच्या आईच्या, विमलाबाईंच्या पाया पडला आणि मोडक्यातोडक्या मालवणीत म्हणाला, "माझी आजी शिरोड्याची."

"मगे आमचोच मां तू!" विमलाबाई हरखून गेल्या आणि त्याच्या पानात आणखी दोन घावणे पडले.

शिकवायला तो खरंच चांगला होता. पहिल्या दिवशी त्याने एकालाही वाद्याला हात लावू दिला नाही. सगळ्यांना मैदानावर गोल बसवलं, डोळे मिटायला लावले आणि नुसतं ऐकायला सांगितलं. मग प्रत्येकाने एकच सूर वाजवायचा, जमेल तेवढा हळू. पोरांना जोरात वाजवायची सवय. हळू वाजवताना त्यांचे श्वास तुटायला लागले, सूर थरथरायला लागले. रश्मीही क्लॅरिनेट घेऊन त्या गोलात बसली होती. इतकी वर्षं आपण पोरांना जोरातच वाजवायला शिकवलं, हे तिच्या ध्यानात आलं. त्याचं तिला वाईट वाटलं नाही, गंमत वाटली. मुलांबरोबर ती पण शिकत होती.

एकदा दुपारी प्रीतमने तिला पडवीत बसवलं. मितेशने कॅमेरा लावला. "ताई, पथक कसं उभं राहिलं ते सांगा. अगदी पहिल्यापासून." रश्मी आधी लाजली, मग बोलत गेली. वडिलांचा बँड, त्यांचे शेवटचे दिवस, गोव्याच्या फेऱ्या, हसणारे गावकरी. वडील गेल्यावर तिने कित्येक महिने ट्रम्पेटची पेटी उघडली नव्हती, हेही सांगितलं. ते तिने नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. बोलता बोलता तिचे डोळे भरले. प्रीतमने कॅमेरा थांबवायला लावला नाही, पण पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणाला, "ताई, खरी गोष्ट तर हीच आहे."

मार्चमध्ये कणकवलीच्या एका सभागृहात त्या आठवड्यावरची फिल्म दाखवायचं ठरलं. शाळेने पथकासाठी बस केली. विमलाबाईंनी ठेवणीतलं लुगडं काढलं. मुलं गणवेशात, रश्मी दुसऱ्या रांगेत आईजवळ. पुढे पाहुणे, संस्थेची माणसं आणि परब सर.

दिवे गेले. पडद्यावर समुद्र आला, माड आले, आणि प्रीतमचा आवाज आला. "या गावात वाद्यं होती. शिकवणारं कोणी नव्हतं."

रश्मीला वाटलं, आपली ऐकण्यात चूक झाली.

मग शाळेची अडगळीची खोली दिसली. मोडक्या बाकांच्या ढिगावर, कोळिष्टकांत, एक ट्रम्पेट पडलेला. रश्मीने तो ओळखला. वडिलांचा ट्रम्पेट, जो अनुजा रोज पुसून मऊ फडक्यात गुंडाळून ठेवायची. कोणीतरी तो मुद्दाम तिथे नेऊन ठेवला होता. वर धूळसुद्धा टाकली होती.

आणि मग किनाऱ्यावर उभी असलेली अनुजा. वक्तृत्व स्पर्धेत बोलायची तशी शुद्ध भाषेत ती सांगत होती, "आधी कोणी नव्हतं. आम्ही वाद्यं लांबून बघायचो, पण हात लावायची भीती वाटायची. प्रीतम सर आले आणि आम्हाला सूर सापडला."

विमलाबाईंना कमी ऐकू यायचं, त्यामुळे त्या मोठ्याने बोलायच्या. "गो रश्मी, तुझा बोलणा कधी येतला?"

पुढच्या रांगेतल्या दोघातिघांनी वळून बघितलं. "येतला," रश्मी म्हणाली.

ते आलं नाही. रश्मी दिसली ती एकदाच, पाहुण्यांना सोलकढी वाढताना, आणि तीही मागून. फिल्म संपली, दिवे लागले, सभागृह टाळ्यांनी भरलं. रश्मीचे हातही सवयीने टाळ्या वाजवत होते. ते लक्षात आल्यावर तिने ते मांडीवर ठेवले.

बाहेर चहा आणि बटाटेवडे होते. प्रीतम लोकांतून वाट काढत आला. "ताई! कशी वाटली?"

"माझं बोलणं कुठे गेलं?"

"अहो, ते फार सुंदर होतं. पण वीस मिनिटांत सगळं बसत नाही ना."

"नाही बसलं तर नाही बसलं. पण कोणी नव्हतं असं का म्हणालात?"

प्रीतमने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "ताई, बघणाऱ्याला बदल दिसावा लागतो. आधी काही नाही, मग संगीत. तुमची गोष्ट घातली तर लोक आम्हाला विचारतील, मग तुम्ही तिथे गेलात कशाला? पुढच्या शाळा अडकल्या आहेत हो यावर. तुम्ही समजून घ्याल. तुमचं मन मोठं आहे."

तेवढ्यात परब सर आले आणि तिला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, इथे नको. पाहुणे आहेत."

"सर, तुम्ही ही आधी पाहिली होती?"

सरांनी चष्मा काढून पुसला. "पाहिली होती. संस्थेकडून शाळेला नवा वाद्यसंच मिळतो आहे. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही मोडता घातला असता."

पाहुण्यांचं तिने मनाशी कसंतरी जुळवलं असतं. ते आले तसे गेले असते. पण परब सरांच्या टेबलासमोर ती कितीतरी वर्षं बसली होती. पथक उभं करताना गावात कोण काय म्हणतं ते रडत रडत तिने त्यांनाच सांगितलं होतं. परतीच्या बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत राहिली. अनुजा शेवटच्या बाकावर जाऊन बसली होती. एरवी ती रश्मीशेजारची जागा सोडायची नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत रश्मीने तिला रिकाम्या वर्गात बोलावलं. पोरगी दारातच उभी राहिली.

"अनुजा, असा कित्याक सांगलंस गो?"

"बाई, सर म्हणाले, बाईंका सगळा माहीत आसा. बाईंनीच असा बोलूक सांगितल्यानी."

रश्मी बाकावर टेकली. आपलंच नाव वापरून आपल्याला पुसून टाकलं, हे पचायला तिला जरा वेळ लागला. मग तिने विचारलं, "आणि तुका तां खरा वाटला?"

अनुजा पायाच्या अंगठ्याने फरशी घासत राहिली. खोटं बोलली असती तर प्रश्न तिथेच मिटला असता. पण रश्मीसमोर तिला खोटं जमेना.

"नाय."

"मगे माका येवन विचारूक नाय?"

"विचारला असता तर तुम्ही नको म्हटला असता. सर म्हणाले, जा पोर बोलतला तेका मुंबयच्या शिबिराक नेतले. मी नाय म्हटला असता, तर तेंनी पथकातल्या दिव्याक घेतला असता." तिला रडू कोसळलं. "बाई, माका जावचा होता."

एरवी रश्मीने तिला जवळ घेतलं असतं. त्या दिवशी ती उठली आणि म्हणाली, "जा. घंटा झाली."

त्याच संध्याकाळी तिने टेम्पो बोलावला आणि वडिलांची सगळी वाद्यं घरी नेली. ती शाळेची कधीच नव्हती, त्यामुळे परब सरांना अडवता आलं नाही. ते नुसते ऑफिसच्या दारात उभे राहून बघत होते.

प्रीतमचे फोन येत राहिले. शेवटी एकदा तिने उचलला.

"ताई, मी शेवटी आभारात तुमचं नाव टाकतो. ठळक अक्षरात."

"आभार नकोत. 'कोणी नव्हतं' एवढंच काढा."

"ते आता कठीण आहे. फिल्म सगळीकडे गेली. ताई, तुम्ही उगाच मनाला लावून..."

तिची शाळेतली भाषा तिथे संपली. "रे प्रीतम, माझ्या आवशीच्या हातचा जेवलंस, तिच्या पाया पडलंस. आजी शिरोड्याची म्हणालंस. तां तरी खरा होता काय?"

मग तो म्हणाला, "ताई, रेंज जातेय. मी नंतर करतो." त्याने नंतर केला नाही.

विमलाबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. अर्धंमुर्धं ऐकून त्यांनी विचारलं, "कोण? आमचो शिरोड्याचो?" रश्मी "होय" म्हणाली आणि आत गेली. आईला तिने सगळं कधीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हातारी त्या घावण्यांचं दुःख करत बसली असती.

मे महिन्यात अनुजा मुंबईला गेली. जूनमध्ये शाळेत नवा वाद्यसंच आला, झगमगीत, प्लास्टिकच्या पिशव्यांसकट. नारळ फोडायचा कार्यक्रम ठरला. प्रीतम येणार नव्हता, दुसऱ्या जिल्ह्यातल्या शाळेत त्यांची कार्यशाळा चालू होती. परब सर स्टाफरूममध्ये येऊन रश्मीसमोर बसले.

"मॅडम, झालं गेलं सोडा. पथक तुम्हालाच बघायचं आहे."

"शिकवणारं कोणी नव्हतं ना, सर? मग मी कुठून आले?"

सर उठून गेले. कार्यक्रमात पोरांनी जेमतेम एक धून वाजवली. पुढे वाद्यं कपाटात गेली आणि किल्ली शिपायाकडे. पाचवीतली पोरं कधीमधी किल्ली मागून घ्यायची आणि व्हरांड्यात गाल फुगवून फुंकत बसायची. रश्मी वर्गात नद्यांची खोरी शिकवत असायची आणि ते ऐकून तिचा खडू फळ्यावर थांबायचा. एकदा न राहवून ती खडू हातात घेऊनच बाहेर गेली. "गाल नको रे फुगवू. ओठ आवळ." पोराने ओठ आवळले आणि एक स्वच्छ सूर निघाला. ते पोर एवढं दचकलं की वाद्य हातातून सुटता सुटता राहिलं.

शाळेत शिकवायचं नाही हे तिचं ठरलं होतं, आणि ते तिने मोडलं नाही. पण त्या रविवारपासून घराच्या पडवीत, वडिलांच्या वाद्यांवर, येईल त्याला ती शिकवायला लागली. आधी दोघं आली, मग पडवीत दाटी व्हायला लागली. बाहेर पाऊस कौलांवर कोसळत असला की कुणाचंच कुणाला ऐकू यायचं नाही. मग ती सगळ्यांना थांबवून हळू वाजवायला लावायची. हे आपण प्रीतमकडून शिकलो, याची तिला दर वेळी आठवण व्हायची. ते नाकारायचं तिने कधी मनात आणलं नाही.

एका रविवारी अनुजा आली. छत्री मिटून पायरीशी उभी राहिली, वर चढेना.

"कशी झाली मुंबय?" रश्मीने विचारलं.

"थय शिकवूक कायच नाय, बाई. फिलीम दाखवून झाली काय माका स्टेजावर उभा करीत. मी वाजवलंय काय लोक रडत." जरा थांबून ती म्हणाली, "मी वाईट वाजवलंय तरी रडत."

रश्मीला तिची दया आली, अगदी मनापासून आली. पंधरा वर्षांच्या पोरीला कुणीतरी आमिष दाखवलं आणि ती भुलली, एवढंच तर झालं होतं. हे तिला कळत होतं, पण आत जे तुटलं होतं ते कळून सांधत नव्हतं.

"वर ये. पाय पूस."

तिने पेटीतून ट्रम्पेट काढून दिला. तो दुसऱ्या कुणाला देणं म्हणजे सूड उगवणं झालं असतं, आणि वडिलांच्या वाद्यावर तिला ते करायचं नव्हतं. अनुजाने वाजवलं. शिबिरात तिचा हात बिघडला होता, सूर ताणायची खोड लागली होती. रश्मीने खुर्चीत बसूनच ती दाखवून दिली. अनुजाने पुन्हा वाजवलं, मग पुन्हा, आणि हळूहळू सूर जागेवर आला. पडवीतली पोरं वाजवायचं सोडून ऐकत राहिली.

अनुजाने मान वर करून बाईंकडे बघितलं. तिला काय ऐकायचं होतं ते रश्मीला ठाऊक होतं.

"सुधारलां," रश्मी म्हणाली, आणि शेजारच्या पोराकडे वळली. "आता तू वाजव रे."

निघताना अनुजाने चपला घालता घालता विचारलं, "बाई, उद्या शाळा सुटल्यावर येव?"

"रविवारी ये. सगळ्यांबरोबर."

पोरगी मान हलवून पावसात उतरली. विमलाबाई आतून ओरडल्या, "गो, तेका काय खावक दिलंस काय नाय?" रश्मीने वाद्यं पुसायला घेतली. ट्रम्पेट तिने स्वतःच मऊ फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवला.