दोष बाहेर पडल्याचा आवाज

आमच्या घरात अंगारा येत नाही. बुद्धवंदना होते, तीही आई म्हणते म्हणून.

डॉक्टर आईला: "मणक्याची चीर भरत आलीय. तपासायला गाडीने या, पण दणका नको. एकही नको."

काठोकाठ भरलेला एक तांब्या.

सतरा इंची चाकं. काळी, चमकत्या कडांची. माझ्या भावाच्या, सुयशच्या मोबाइलच्या पडद्यावर कित्येक महिने.

फुस्स.

*

"ऐकलंत?" चक्रमहाराज माइकमध्ये ओरडले. "साडेसाती निघाली!"

टाळ्या. नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळच्या त्या टायरच्या दुकानापुढे दर रविवारी अशीच गर्दी असायची. महाराज पूर्वी त्याच दुकानात विक्रेते होते, आणि हे ते अभिमानाने सांगत. "मी चाकं विकत होतो. एक दिवस चाकांनी मला विकत घेतलं!" लोक माना डोलवत. त्यांच्या कफनीला दोन खिसे होते आणि दोन्हींत फोन.

विधी असा. आधी तुमच्या जुन्या चाकांची 'दोषजागृती'. भोवती पडदा, आत चेला बंटी, आणि कंप्रेसरची घरघर. मग डॅशबोर्डवर तांब्या ठेवून बंटी समोरच्या खोदलेल्या रस्त्यावरून एक फेरी मारायचा. पाणी भसाभस सांडायचं. मग दुकानातली 'सिद्ध' चाकं लागायची. पुन्हा पडदा, फुस्स, दोष बाहेर. तोच रस्ता, तोच तांब्या. पाणी जागच्या जागी.

माझी आई लताबाई. मनमाडजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तिची हयात विज्ञान शिकवण्यात गेली. तिला हे पटणार कसं? पण महाराज माणूस बघून बोलत.

"माताजी, तुमच्याकडे अंगारा चालत नाही? हरकत नाही. चाकांत नायट्रोजन घ्या. शुद्ध विज्ञान. रेणू ध्यानाला बसतात."

"रेणू कुठल्या आसनात बसतात?" मी विचारलं.

"योगिनीताई, तू गप ना जरा," सुयश म्हणाला. "आई, हे पूजेचं नाहीये गं. ऊर्जेचं बॅलन्सिंग आहे. तू फक्त बसून बघ. तुझ्या पाठीला कळेल."

आई दोन्ही फेऱ्यांना बसली. पहिल्या फेरीत ओठ दाबून. दुसरी संपली तेव्हा तिने डोळे उघडले. "खरंच रे. कमी लागलं."

चारी बाजूंनी मोबाइल वर झाले. मी काय बोलणार? पाठ तिची होती.

*

सतरा इंची चाकं बसली. आम्ही मनमाडला निघालो.

चांदवडला पेट्रोलसाठी थांबलो. सुयश चहाला गेला. पंपावरचा माणूस टायरच्या फुगलेल्या पोटाकडे बघून म्हणाला, "ताई, हवा लय कमी हे. तापून फुटंल." दाराच्या चौकटीवर कंपनीची पट्टी असते. तिच्यावर हवेचा दाब तेहतीस लिहिला होता. त्याने तेवढी भरली.

सुयश परत आला आणि त्याचा चेहराच उतरला. "कुणी सांगितलं होतं हवा भरायला?"

"पट्टीवर आहे तेवढीच भरली की."

"या चाकांचं वेगळं असतं!"

पुढच्या गतिरोधकावर आई किंचाळली. त्यानंतर मनमाडपर्यंत तिने माझा हात सोडला नाही. घरी तिला पलंगावर आडवं केलं, तेव्हा माझ्या मनगटावर तिची नखं उमटलेली होती.

तिने उशी पाठीखाली सरकवली. मग वर्गात विचारावं तसं तिने विचारलं, "चांदवडच्या आधी आणि नंतर, काय बदललं?"

"हवा."

"आणखी?"

"काहीच नाही."

"मग पुन्हा मोजायला हवी. तिथेच. सगळ्यांसमोर."

सुयश दारात उभा होता. तो निघून गेला.

*

पुढच्या रविवारी आई रेल्वेने नाशिकला आली. त्या गाडीत बसायला तिने साफ नकार दिला. सुयश सोबत होता, "जाऊ दे ना आई" एवढंच म्हणत.

दुकानाबाहेर मोठा फलक लावला होता. त्यावर आईचा चेहरा, डोळे नुकतेच उघडलेले. खाली ओळ: 'विज्ञान शिक्षिकेचा अनुभव!'

आईने तो एकदाच पाहिला.

फेरीसाठी कळवणच्या कोंडाजींची गाडी उभी होती. जुन्या चाकांची दोषजागृती झाली, पडदा सरला, आणि मी हवा मोजायचं यंत्र घेऊन पुढे गेले.

"काका, मोजू का?"

"मोजा की. फुकट हे ना?"

यंत्रात पन्नास.

"यंत्राला श्रद्धा मोजता येत नाही!" महाराज गरजले.

"श्रद्धा नाही, हवा मोजतेय."

पहिली फेरी, सिद्ध चाकं, फुस्स आणि दुसरी फेरीही उरकली, तेव्हा मी पुन्हा यंत्र घेऊन वाकले, आणि बंटी चाकांपुढे आडवा आला. कोंडाजींनी त्याला खांद्याला धरून बाजूला केलं. "थांब रे. माझ्या गाडीला लागली हेत ना ती?"

अठरा.

मी दोन्ही आकडे मोठ्याने वाचले. मग कोंडाजींच्या गाडीच्या दारावरच्या पट्टीवरचा तिसरा. गर्दीत कुणीतरी हसलं. महाराजांनी एक फोन काढून कानाला लावला. तो वाजलेला नव्हता.

"आणि पहिल्या फेरीला गाडी पळवत होतास," कोंडाजी बंटीला म्हणाले, "दुसरीला वरातीसारखी. मला वाटलं, देवाचं हे म्हणून हळू."

बंटी चिडला. त्याने थेट माझ्यामागे बोट दाखवलं. "आम्हालाच काय बोलता? हा तुमचा भाऊच आला होता आमच्याकडे. आई मोठ्या चाकांना नाही म्हणते, काहीतरी करा, म्हणाला. हवा सोडताना व्हॉल्व्ह यानेच धरला होता!"

सुयश म्हणाला, "आई, मला वाटलं, सवय होईल तुला."

आई त्याच्याकडे वळली.

"त्या बाबावर मी विश्वास ठेवलाच नव्हता," ती म्हणाली. "तू म्हणालास म्हणून बसले."

*

यात गूढ काही नाही. दणका सोसते ती टायरमधली हवा आणि रबराची उंची. गाडीखालची जागा तेवढीच असते. चाकाचं लोखंड वाढवलं की टायरचं रबर कमी होतं, आणि उरलेला दणका माणसाच्या पाठीत जातो. जास्त हवेने टायर दगडासारखा होतो. कमी हवेने तो चार दिवस गादी वाटतो, मग तापतो आणि फुटतो. म्हणून चाकं बदलायची तर कंपनीने दिलेल्या मापाची घ्या, हवा पट्टीवरची ठेवा. आणि कुणी तांब्या घेऊन पुढे आला, तर टाळ्यांआधी विचारा: दोन्ही वेळा हवा किती होती? वेग किती होता? विचारण्याने कुणाचा देव बुडत नाही. घरचं माणूस दाखवत असेल, तर आधी विचारा.

आमच्या गाडीला पुन्हा पंधरा इंची चाकं लागली आहेत. आई अजून रेल्वेनेच येते.

सुयश तीन महिन्यांचा असताना त्याला न्यूमोनिया झाला होता. मनमाडहून नाशिकला येताना एसटीत आईने त्याला मांडीवर ठेवलं नाही. धक्के लागू नयेत म्हणून सगळा रस्ता दोन्ही हातांवर उचलून धरलं.