आठवी मात्रा

हितेंद्र परबला त्याच्या बँडबद्दल काहीही बोललेलं चालायचं, फक्त सातला हात लावायचा नाही. बँडचं नाव वाईट आहे म्हणा, गिटार कर्कश आहे म्हणा, तो खांदे उडवायचा. पण 'पाणी गेलं' हे गाणं सात मात्रांऐवजी आठ मात्रांत बसवलं तर लोकांना बरं पडेल, असं कुणी सुचवलं की त्याचं डोकं फिरायचं.

बँडचं नाव साचाखातं. गिरणीत जिथे माग चालायचे त्या खात्याला साचाखातं म्हणत. हितेंद्रचे आजोबा तिथे कामाला होते, आणि नातवाच्या वाट्याला परळच्या चाळीतली एक खोली आणि हे नाव एवढंच आलं होतं. बँडमध्ये चौघं. गिटार आणि शब्द हितेंद्रचे. गायला दर्शना, जी दिवसभर दादरला दातांच्या दवाखान्यात मऊ आवाजात पेशंटला बसायला सांगायची आणि संध्याकाळी बेंबीच्या देठापासून असं ओरडायची, की पहिल्यांदा ऐकणारा माणूस एक पाऊल मागे सरकायचा. बेसवर गिरगावचा अनिश, कमी बोलणारा आणि वेळेवर येणारा, म्हणजे बँडवाल्यांत दुर्मीळच. आणि ड्रम्सवर वरळीच्या बीडीडी चाळीतला राजरत्न. हितेंद्र त्याला राजा म्हणायचा.

'पाणी गेलं' हे हितेंद्रचं लहानपणच होतं. चाळीत पहाटे साडेपाचला पाणी यायचं आणि चाळीस मिनिटांत जायचं, आणि जाताना नेमका शेवटचा हंडा अर्धा असायचा. मग या टोकापासून त्या टोकापर्यंत हाक जायची, "पाणी गेलं!" आणि त्यामागून शिव्या. त्या शिव्या हितेंद्रच्या बाबांना असायच्या, कारण बाबा पाणीखात्यात चावीवाले होते. रस्त्यातलं झाकण उघडून लांब चावीने पाणी सोडायचं आणि ठरल्या वेळेला बंद करायचं, हे त्यांचं काम. वेळ वरून ठरून यायची, पण शिव्या चाळीतच मिळायच्या. बाबांनी आयुष्यभर खाली मान घालून त्या ऐकल्या आणि तसेच निवृत्त झाले.

म्हणून हितेंद्रने गाणं सातमध्ये बांधलं. ऐकणाऱ्याचा पाय आठव्या मात्रेची वाट बघत राहतो, ती येतच नाही, आणि चाल पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. प्रत्येक वेळी हंडा अर्धाच.

"पब्लिकचा पाय हवेत लटकतोय रे," राजरत्न पहिल्याच दिवशी म्हणाला होता.

"लटकू दे. तोच तर पॉइंट आहे."

"पॉइंट तुला माहितीये. त्यांना कोण सांगणार?"

हे गाणं बाबांनी एकदा शेवटपर्यंत ऐकावं, एवढीच हितेंद्रची खरी इच्छा होती. बाकी सगळं नंतरचं. गाणं त्यांच्यावर नव्हतं, त्यांच्या बाजूने होतं. पण बाबांनी मोबाइलवर नाव वाचलं, दहा सेकंद दर्शनाचं ओरडणं ऐकलं आणि मोबाइल उलटा करून ठेवला. "चाळीने शिव्या घातल्या त्या कमी पडल्या वाटतं," एवढंच म्हणाले. हितेंद्रला समजावून सांगायचं होतं, पण आपल्या बापाला गाणं समजावून सांगण्याइतकी लाजिरवाणी गोष्ट दुसरी नाही, म्हणून ते राहूनच गेलं.

सुरुवातीची तीन वर्षं नुसती चिडचिडीची गेली. लोअर परळच्या एका बारवाल्याने विचारलं, "मराठी? मग काहीतरी भावगीत टाइप सॉफ्ट आहे का?" दुसऱ्याने हिंदीत करा म्हणून सांगितलं. एका कार्यक्रमाला समोर अकरा माणसं होती आणि त्यातली चार पुढच्या बँडची. तरी ही चौघं वाजवत राहिली. याचं मोठं कारण म्हणजे त्यांना वाजवायला फुकटात जागा होती.

ही जागा म्हणजे भोईवाड्यातला दौलत बेंजो पार्टीचा गाळा. दौलतकाका हे परळ-लालबागमधलं मोठं नाव. हळद असो, गणपती असो, चौदा एप्रिलची मिरवणूक असो, काकांचा बेंजो आला की म्हाताऱ्यांचे गुडघे दुखायचे थांबतात असं लोक म्हणत. राजरत्न दहा वर्षांचा असल्यापासून काकांच्या हाताखाली वाजवत होता. त्याच्या शब्दाखातर काकांनी गाळ्याची एक चावी हितेंद्रला देऊन टाकली होती. संध्याकाळी सहा ते आठ साचाखातं, आठनंतर बेंजो.

एकदा काका लवकर आले आणि दारात उभं राहून त्यांनी 'पाणी गेलं' पूर्ण ऐकलं. संपल्यावर म्हणाले, "सात. म्हणजे रूपक ताल. गावाला आमचे बुवा भजनात वाजवायचे." हितेंद्रला वाटलं होतं की काका चक्रावतील. तो दोन दिवस धुसफुसत होता.

मग गाण्याचा व्हिडिओ निघाला. चाळीच्या गॅलरीत, खऱ्या हंड्या-बादल्यांमध्ये उभं राहून दर्शना ओरडली आणि कशी कोण जाणे, गोष्ट पसरली. महिन्याभरात अडीच लाख लोकांनी व्हिडिओ बघितला. बंगळुरूच्या एका मोठ्या स्पर्धेच्या फायनलला बोलावणं आलं. ज्या बारवाल्याला भावगीत हवं होतं त्याने स्वतःहून फोन केला, आणि हितेंद्रने तो मुद्दाम तीनदा वाजू दिला. असं सुख चार वर्षांत पहिल्यांदाच मिळत होतं.

त्याच आठवड्यात एका वेब चॅनेलची मुलगी मुलाखत घ्यायला गाळ्यावर आली. तिने विचारलं, "या एरियातून मेटल बँड? हे कसं काय?"

हितेंद्र त्या दिवशी भलताच फॉर्मात होता. म्हणाला, "आमच्याकडे म्युझिक म्हणजे बेंजो. नुसता गोंगाट. लोकांना ऐकायचं नसतंच, नाचायचं असतं फक्त. आम्ही त्या चिखलातून बाहेर पडलो."

हे तो दौलतकाकांच्या खुर्चीत बसून बोलला. पाठीमागे भिंतीवर लाल रंगात 'दौलत बेंजो पार्टी, भोईवाडा' असं लिहिलेलं होतं, खाली चादरीने झाकलेले ढोल होते आणि शेजारी राजरत्न बसला होता. कॅमेऱ्यात हे सगळं आलं. फक्त हितेंद्रला दिसलं नाही.

मुलाखत आली त्याच्या दुसऱ्या दिवशी काका सहालाच गाळ्यावर हजर. आवाज चढवला नाही, काही नाही. हात पुढे केला आणि म्हणाले, "चावी दे बाळा."

"काका, ते तसं नव्हतं म्हणायचं मला..."

"राग नाय रे. पण तुला गोंगाटाचा त्रास होतो, तर इथे कशाला बसायचं?"

चावी गेली. हितेंद्र, दर्शना आणि अनिश गिटारी पाठीला लावून खाली रस्त्यावर येऊन उभे राहिले. राजरत्न मागून आला, हात हलवतच.

"तुझे ड्रम्स?" हितेंद्रने विचारलं.

"राहू दे तिथेच. मी तिथलाच आहे."

"राजा, तुझ्याबद्दल नव्हतो बोलत मी."

"मग कुणाबद्दल बोलत होतास? काकांबद्दल? मला काठी धरायला कुणी शिकवली? ज्या हातांनी तुझं सात वाजतं ना, ते हात बेंजोचे आहेत. चिखल बोललास तू. माझ्या बाजूला बसून."

इथे 'चुकलं रे' एवढं म्हटलं असतं तर प्रकरण चहाच्या टपरीवर मिटलं असतं. दर्शना डोळ्यांनी तेच सांगत होती. पण हितेंद्रच्या डोक्यात बंगळुरू होतं आणि इतक्या वर्षांचा राग होता, आणि तो म्हणाला, "फायनलला पंधरा दिवस राहिलेत. आता हे नको काढूस यार. तिथून आल्यावर बोलू."

राजरत्न म्हणाला, "चार वर्षं लोकांचे पाय अडवायला वाजवतोय मी. कधी विचारलंस, मला काय वाटतं?" आणि वळून गाळ्याकडे चालायला लागला.

बंगळुरूला तिघंच गेले. ड्रम्स लॅपटॉपवर बसवले होते. एक मात्रा इकडे नाही की तिकडे नाही. परीक्षकांनी सभ्यपणे टाळ्या वाजवल्या आणि साचाखातं शेवटून दुसरं आलं. परत येताना दर्शना म्हणाली, "मशीनने सात बरोबर वाजवलं, पण कुणीच लटकलं नाही. राजा वाजवायचा तेव्हा वाटायचं, आता येईल आठवी, आता येईल." हितेंद्र तिच्यावर खेकसला, काय बोलला ते त्यालाही आठवत नाही. दर्शना नंतर तालमीला आली नाही. अनिशची कंपनीने पुण्याला बदली केली, आणि त्याने ती नाकारायचा प्रयत्नही केला नाही.

बँड मोडल्याचं कुणी जाहीर केलं नाही. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपमधून आधी अनिश बाहेर पडला, मग दर्शना. दोघंच उरले, हितेंद्र आणि राजरत्न. हितेंद्र रोज उघडून बघायचा. राजरत्न बाहेर पडत नव्हता आणि काही लिहीतही नव्हता. हितेंद्रने चार वेळा 'चुकलं' टाइप केलं आणि चारही वेळा खोडलं. स्वतःचा इतका संताप त्याला आधी कधी आला नव्हता.

मे महिन्यात बहिणीचं, मेघनाचं लग्न ठरलं. हळद चाळीच्या पटांगणात.

"बेंजो सांगितलाय हां बाबांनी," मेघना म्हणाली. "दौलतकाकांचा. तू तोंड वाकडं करू नकोस, दादा. हळद माझी आहे."

तोंड वाकडं करायची हिंमत आता कुणात होती? हळदीच्या संध्याकाळी हितेंद्र पाहुण्यांना सरबत देत फिरत राहिला आणि बेंजोच्या बाजूला पाठ ठेवली. तरी त्याला कळलं होतं की ढोलांच्या मागे ऑक्टापॅडवर राजरत्न आहे. ते हात ओळखायला बघावं लागत नव्हतं.

तासाभराने काकांनी एक नवीन चाल धरली. हितेंद्रच्या हातातला ट्रे थांबला. बेंजोच्या तारांवर 'पाणी गेलं' वाजत होतं. त्याची चाल, त्याने रात्ररात्र जागून जुळवलेली. फक्त शेवटी एक मात्रा जास्त. सातानंतर ढोलावर एक दणदणीत थाप पडत होती, हंडा काठोकाठ भरत होता आणि अख्खं पटांगण त्या थापेवर उडत होतं. आत्या नाचत होत्या, शेजारी नाचत होते, ज्या पहिल्या मजल्यावरच्या चंपामावशीने व्हिडिओच्या वेळी पोलिसांना बोलवायची धमकी दिली होती, तीसुद्धा कमरेला पदर खोचून नाचत होती. हितेंद्रला ट्रे आपटावासा वाटला.

आणि मग त्याला बाबा दिसले. दोन्ही गालांना हळद, सदरा घामाने भिजलेला, हात वर. ज्या माणसाने या चाळीत चाळीस वर्षं मान खाली घातली तो मान वर करून नाचत होता, आणि ज्यांनी शिव्या घातल्या ते त्याच्याभोवती टाळ्या वाजवत होते.

"हितू! ये मेल्या, नाच!" बाबांनी त्याचा दंड धरला आणि कानाशी ओरडले, "बघ, याला म्हणतात वाजवणं. असलं काहीतरी शिक. पाय आपोआप हलतात की नाय?"

"हलतात," हितेंद्र म्हणाला.

त्याच वेळी राजरत्नने मान वर केली. गर्दीच्या डोक्यांवरून दोघांची नजर भेटली. राजरत्नने काकांकडे बघून सात बोटं दाखवली. काका हसले आणि पुढच्या फेरीला आठवी थाप पडलीच नाही.

त्याने हितेंद्रसाठी सात वाजवलं होतं. लॅपटॉपला जमलं नव्हतं तसं, पुढे काहीतरी येणार असं वाटायला लावणारं सात. बँड संपल्यानंतर पहिल्यांदाच हितेंद्रला आपलं गाणं ऐकू आलं.

आणि पटांगण अडखळलं. आत्या एकमेकींवर आदळल्या, कुणीतरी हसलं. बाबांचा उजवा पाय वर गेला होता, तो टेकवायला थापच मिळेना. ते एका पायावर डगमगले, चेहरा गोरामोरा झाला आणि वर गेलेले हात खाली येऊ लागले. मानही खाली जाऊ लागली. ती मान हितेंद्रच्या ओळखीची होती.

"कुठे चुकलं?" बाबा म्हणाले. "माझंच चुकलं काय?"

हितेंद्रने एका हाताने त्यांना घट्ट धरलं, ट्रे खाली टाकला आणि जिवाच्या आकांताने ओरडला, "राजा, आठ! आठ वाजव रे!"

ढोलावर थाप पडली. पुढच्या फेरीला पुन्हा पडली. पटांगण उडालं आणि बाबांचा पाय जमिनीला लागला.

"हां," बाबा हसत म्हणाले. हात पुन्हा वर गेले होते. "पोरगा चुकला होता मघाशी. आता बरोबर वाजवतोय."